पिशवी घेऊन आला तो प्रत्येक जण 'पशुवैद्य' का?

रवंथ
गावाकडे गुरांना सुई टोचणारा कोणीही 'डॉक्टर' असतो. त्याबद्दल तक्रार नाही. दातवाले, होमिओपॅथीवाले, पीएचडीवाले, सगळ्यांनी तो शब्द कधीच वाटून घेतलाय. मला खटकतं ते वेगळंच. हल्ली बातम्यांत आणि पाट्यांवर कृत्रिम रेतन करणारा सेवादाता, पदविका घेतलेला पशुधन पर्यवेक्षक आणि पशुवैद्यकाचा पदवीधर या तिघांनाही सरसकट 'पशुवैद्य' म्हणतात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम ३० वाचा. उपचाराचा अधिकार परिषदेकडे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच आहे. राज्य सरकार पदविकाधारकांना परवानगी देऊ शकतं, पण ती लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा प्राथमिक सेवांची, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. बारावीनंतर साडेपाच वर्षं घातलेल्या माणसाचं एवढं एक नाव तरी त्याच्यापाशी राहू द्या.

दोन_म्हशी
रात्री म्हैस अडते, मायांग (गर्भाशय किंवा योनीचा भाग) बाहेर येतं, तेव्हा कलम ३० गोठ्यात येत नाही हो. मोठे साहेब पाच-सात गावं बघतात, फोन लागला तर नशीब. जो येतो, हात घालतो, तो आमचा डॉक्टर. तुम्ही त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

परळचा_विद्यार्थी
काका, तो येतो हे खरंच. पण आल्यावर काय टोचतो? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनसुद्धा ३ मिलीच्या एका मात्रेपुरतं करावं लागलं. शिवाय अँटिबायोटिक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे त्यानं कधी सांगितलंय?

पदविकाधारक
सगळं खापर आमच्याच डोक्यावर? गिधाडं मेली तेव्हा पदवीधर साहेबही तेच औषध लिहून देत होते, बंदीआधी ते राजरोस चालत होतं. जिल्हा परिषदेचा श्रेणी २ चा दवाखाना बघा कधी. तिथे खुर्चीवर आमच्यातलाच माणूस असतो. 'देखरेख' म्हणजे महिन्याच्या अहवालावरची सही. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला तेव्हा वाड्यावस्त्यांवर लस टोचत कोण फिरलं? काम करताना आम्ही 'डॉक्टरसाहेब', आणि पाटी लावली की बोगस.

रवंथ
बोगस मी म्हटलेलं नाही. लम्पीत तुम्ही केलेलं काम सगळ्यांनी पाहिलंय, आणि लसीकरण कायद्यानंही तुम्हाला करता येतं. पण श्रेणी २ मध्ये साहेब नसतो हे पदांच्या तुटवड्याचं दुखणं. ते नाव बदलून बरं होत नाही, उलट झाकलं जातं. गावात 'पशुवैद्य आहे' अशी नोंद झाली की पद द्या म्हणून कोण ओरडणार?

शब्दकिडा
मध्येच बोलतो, राग नको. 'पशुवैद्यक' हे शास्त्र, 'पशुवैद्य' हा माणूस. अर्धे पेपर "पशुवैद्यकांनी तपासणी केली" छापतात. आणि शहरात तर 'वैद्य' म्हणजे आयुर्वेदवालाच. माझ्या ओळखीच्या एका पशुवैद्य बाईंना कुत्र्याचे मालक विचारतात, "गोळ्या देता की काढा?" त्यांनी वैतागून पाटीवर 'व्हेट' लिहिलंय. ज्या शब्दासाठी तुम्ही भांडताय, तो त्याच्या मालकांनाच नकोसा झालाय.

परळचा_विद्यार्थी
शहरात 'व्हेट' चालेल. खेड्यात 'गुरांचा डॉक्टर'च राहणार, आणि त्या शब्दात कोण शिकलेला ते कळत नाही. म्हणून नावापेक्षा नोंदणी क्रमांक दिसायला हवा, पावतीवर आणि पाटीवर.

दोन_म्हशी
पावती? आमच्याकडे पावती मागितली तर माणूस हसतो. पण एक विचारतो. शेजाऱ्याची गाय मेली, कानात विम्याचा बिल्ला होता. दाखला गावातल्या डॉक्टरनं लिहून दिला. कंपनीनं परत पाठवला. हे त्यातलंच का?

रवंथ
त्यातलंच. विम्यासाठी शवविच्छेदनाचा आणि मृत्यूचा दाखला नोंदणीकृत पशुवैद्याचाच लागतो. विमा उतरवलेलं जनावर आजारी पडलं की पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा, आणि सही करणाऱ्याचा क्रमांक बघून घ्या. फोटो काढेपर्यंत बिल्ला कानातून काढू नका, फोटोत कानासकट दिसला पाहिजे.

पदविकाधारक
हे मात्र बरोबर आहे. मी असे दाखले देत नाही, थेट तालुक्याला पाठवतो. पण तिथे गेलेला माणूस दुपारी परत येतो, साहेब मीटिंगला गेलेले असतात. तोवर जनावर फुगतं.

दोन_म्हशी
बरं, क्रमांक विचारतो पुढच्या वेळी. पण गावातल्याला विचारला आणि तो रुसला, तर रात्री दोनला तुम्ही दोघांपैकी कोण येणार, तेवढं लिहा.