मदत हवी आहे : सिमेंटमधील क्लोराईड जास्त येत आहे

खाडीकाठ (रत्नागिरी)
जेट्टीच्या कामावरून आलेल्या सिमेंटमध्ये व्होलहार्ड पद्धतीने (जादा सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेली चांदी थायोसायनेटने मोजून) क्लोराईड ०.१३ टक्के येत असून मर्यादा ०.१ टक्का असल्यामुळे माल अडवून ठेवावा लागला आहे. सिल्व्हर नायट्रेट नव्याने प्रमाणित केले, तरीही फरक पडला नाही. अहवाल उद्या द्यायचा आहे.

उधाण
सिमेंट कोणते, ब्लँक (सिमेंट न घालता घेतलेले वाचन) किती, यापैकी काहीच लिहिलेले नाही. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे धुऊन ठेवलेल्या काचसामानावरही मीठ बसते, तेव्हा आधी ब्लँक पाहावा.

ब्युरेटवाला
त्यापेक्षा सरळ मोहर पद्धत वापरावी. त्यात शेवटी येणारा क्रोमेटचा विटकरी रंग नवशिक्यालाही ओळखता येतो.

उधाण
सिमेंट नायट्रिक आम्लात विरघळवल्यावर क्रोमेट दाखवणार काय? मोहर पद्धतीला जवळपास उदासीन द्रावण लागते.

खाडीकाठ
ब्लँक नगण्य आहे. सिमेंट स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) आहे, पण त्याचा येथे काय संबंध? आम्ल घालताच सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि अवक्षेप दह्यासारखा पांढरा न येता काळपट येतो.

ब्युरेटवाला
सिल्व्हर क्लोराईड उजेडाने काळवंडतेच. खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

कातळ
उजेडाने ते हळूहळू जांभळट होते. वास काही उजेडाने येत नाही. स्लॅगमधील सल्फाईड आहे ते, आणि त्याचे सिल्व्हर सल्फाईड होताना चांदी खर्ची पडत असल्यामुळे तेवढे क्लोराईड तुमच्या हिशेबात फुकट वाढते. आम्लात विरघळवताना थोडे हायड्रोजन पेरॉक्साईड घालून सल्फाईडचे ऑक्सिडीकरण करावे आणि नंतर भांडे झाकून क्षणभरच उकळी आणावी, कारण जास्त उकळल्यास क्लोराईड उडून जाते, तर पेरॉक्साईड शिल्लक राहिल्यास ते पुढे थायोसायनेट खाते.

हापूस
फ्लोराईड मात्र यात सापडणार नाही, कारण सिल्व्हर फ्लोराईड पाण्यात विरघळते. त्यासाठी फ्लोराईडचा निवडक इलेक्ट्रोड लागतो. ब्रोमाईड असल्यास ते क्लोराईड म्हणूनच मोजले जाते.

उधाण
फ्लोराईड कोणी विचारले होते?

ब्युरेटवाला
चांदीचा इलेक्ट्रोड लावून पोटेन्शिओमेट्रिक अनुमापन (रंगाऐवजी विद्युतविभव पाहून) केले, तर रंगाची भानगडच नको.

कातळ
इलेक्ट्रोड लावला तरी सल्फाईड चांदी खाणारच, त्यामुळे पेरॉक्साईड तेथेही लागते. खाडीकाठ, ब्लँकमध्येही तेवढेच पेरॉक्साईड घालून तो पुन्हा घ्या आणि दोन्ही वाचने येथे टाका.