मदत हवी आहे : मोठ्या काकांच्या 'माश्या', काठ्या आणि गरवण्याच्या सहा वह्या

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आहे, दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची आहे. माळ्यावरून मोठ्या काकांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. काका जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ती कोणी उघडली नव्हती. मी उघडली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

काका रेल्वेत फिटर होते. त्यांना फ्लाय फिशिंगचा नाद लागला तो वर्कशॉपमधल्या एका पारशी साहेबांमुळे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण नेहमी गरवतो, म्हणजे गळ टाकून मासे पकडतो, तेव्हा शिशाच्या किंवा चाऱ्याच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं. पिसं, लोकर, रेशीम गळावर गुंडाळून केलेला तो नकली किडा. इथे वजन असतं दोरीला. दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची. काका फ्लायला सरळ 'माशी' म्हणायचे. वह्यांमध्येही तेच शब्द आहेत : रीळ म्हणजे 'चरखी', लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा, तो 'तात', आणि फेकीचे दोन प्रकार, 'मागची' आणि 'पुढची'.

ट्रंकेत १९५७ ते १९८३ अशा सहा वह्या आहेत. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या दोन काठ्या, तीन चरख्या, बिस्किटांच्या डब्यांत साधारण दोनशे माश्या आणि पिसांची एक कापडी पिशवी. माश्यांच्या प्रत्येक खणात कागदाची चिठ्ठी आहे, तिच्यावर आकडा. हा आकडा कशाचा ते मला चार दिवस कळत नव्हतं. मग १९६४ ची वही वाचताना लक्षात आलं की तो वहीतल्या पानाचा आहे. ती माशी कुठल्या पाण्यावर, कुठल्या महिन्यात, कशासाठी बांधली ते सगळं त्या पानावर आहे.

एक उदाहरण देते. त्यांची एक माशी आहे, नाव 'उंबर'. चार नंबरचा गळ, त्यावर जुन्या स्वेटरची तांबडी लोकर घट्ट गुंडाळून कात्रीने गोल छाटलेली, मध्ये भुलेश्वरहून आणलेल्या जरीचा एकच वेढा, आणि डोक्याशी गावच्या कोंबड्याचं तांबूस पीस. पानावर असं लिहिलंय की नदीवर झुकलेल्या उंबराची फळं पाण्यात पडायला लागली की खडची मासळी त्या झाडाखाली येऊन थांबते, तेव्हा ही माशी ओढायची नाही, फळ पडल्यासारखी टपकन सोडायची. मी ती भिंगाखाली पाहिली. लोकरीच्या एका बाजूला दाताने कुरतडल्यासारखी खूण आहे. मासा लागला होता की नंतर कसर लागली, ते मला सांगता येत नाही.

खडची म्हणजे आपल्या सह्याद्रीतला महसीर. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या नदीतले मासे अभ्यासून १८३९ मध्ये या माशाचं वर्णन छापलं, तेव्हा स्थानिक नावं तशीच लॅटिनात घेतली. खुद्री, कोलस, मुसुल्ला ही सगळी इथल्या लोकांच्या तोंडची नावं. पण त्या लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. या खेळाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांचं. म्हणून या वह्या मला मोलाच्या वाटतात. त्यांत मुळशीचा तलाव आहे, वळवणचा आहे, वाड्याजवळची वैतरणा नदी आहे. तिळश्याच्या देवळाजवळ देवाचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही, तिथे काका काठी पिशवीत घालून नुसते बसायचे, तेही लिहिलंय. रेल्वेच्या पासावर काश्मीरला दोनदा गेले होते. १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणून तिथे ट्राउट मासे रुजवले, त्या नद्यांवर. तिथल्या माश्या बारीक, आपल्या जाडजूड, यावर दोन पानं आहेत.

आता अडचणी.

गेल्या पावसात माळ्यावर गळती झाली होती. १९७१ च्या वहीची दहाबारा पानं एकमेकांना चिकटली आहेत. त्याच वहीची दोन सुटी पानं मी घाईघाईत एका दुकानात लॅमिनेट करून आणली आणि शाई पसरली. हे माझ्याच हातून झालं याचं फार वाईट वाटतंय, म्हणून आता विचारल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही.

माश्यांच्या दोन डब्यांत कसर लागली आहे, तळाशी भुसा पडलाय. एक काठी कमानीसारखी वाकली आहे. पिसांच्या पिशवीत मोराची पिसं आहेत आणि राखाडी रानकोंबड्याच्या मानेची, ती पांढऱ्या-पिवळ्या थेंबांची, दिसायला अप्रतिम. ती घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तिन्ही चरख्यांना चांगली किंमत देऊ केली आहे. वह्या आणि माश्या त्याला नकोत. चुलतभावाला वाटतं, चरख्या विकाव्यात आणि बाकीचं मी सांभाळावं. त्याचीही गरज आहे, मी त्याला दोष देत नाही. पण मुंबईत असा संग्रह अख्खा घेईल, नीट ठेवील आणि लोकांना बघू देईल अशी जागा आहे का?

– पुतणी_गिरगाव

---

टिपकागद :

ताई, मी ग्रंथालयात जुन्या कागदांचंच काम करते. चिकटलेली पानं कोरडी असतील तर सोडवायचा प्रयत्न करू नका. वाफ तर अजिबात देऊ नका. त्या काळातली फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात विरघळते, तुमच्या दोन पानांवर झालं तेच बाकीच्यांवर होईल. वही आडवी ठेवा, वर वजन नको, खाली-वर टिपकागद. लॅमिनेट केलेली पानं आता सोलायची नाहीत, आहेत तशी स्कॅन करा. सेलोटेप, रबरबँड, प्लास्टिकच्या पिशव्या, डांबरगोळ्या, सगळं बाजूला.

बाकीच्या पाच वह्यांचे फोटो आजपासूनच काढायला घ्या. खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर, शेजारी पट्टी. फाइलच्या नावात वहीचं साल आणि पानाचा आकडा घाला, कारण तुमच्या चिठ्ठ्या त्याच आकड्यांवर चालतात. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि चिठ्ठी खणातून काढण्याआधी अख्ख्या डब्याचा फोटो घ्या. एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली की त्या माशीची गोष्ट गेली.

खाडीकाठ :

आमचं घर कोळीवाड्यातलं, आम्ही गळाला गरी म्हणतो. आजोबांची जितड्याची गरी आमच्याकडे अजून आहे, त्यामुळे तुमचं लिहिणं वाचून गलबलून आलं.

काठी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली की वाकते. दोन्ही काठ्या वरच्या टोकाला सैल गाठ मारून उभ्या टांगा, हवा लागेल अशा. ओलसर पिशवीत किंवा बंद नळकांड्यात नको, आतला सरस दमटपणाने सुटतो. वाकलेली स्वतः गरम करून सरळ करायला जाऊ नका. चरखीवर रेशमी दोरी असेल तर ती काढून सैल वेटोळं करून ठेवा. जुन्या तेलाने ती चिकट होते आणि चरखीला धरून बसते.

पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथल्या जुन्या सभासदांना भेटा. वस्तू द्यायला नव्हे, माणसं शोधायला. काकांबरोबर पाण्यावर गेलेलं कोणी हयात असेल तर वह्या समोर ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. ते वह्यांच्याही आधी करा, कागद थांबेल.

पुतणी_गिरगाव :

दोघांचे मनापासून आभार. काठ्या काल रात्रीच टांगल्या. वह्यांमध्ये एका सोबत्याचं नाव वारंवार येतं, ते बदलापूरला असतात, वय अठ्ठ्याऐंशी. आज फोन केला. 'उंबर' म्हटल्यावर पलीकडून आधी काही क्षण काहीच आवाज आला नाही, मग त्यांनी विचारलं की लोकर तांबडी आहे की किरमिजी. तांबडी म्हटलं. मग ती पहिली, म्हणाले. रविवारी जाते आहे.

कसरीचं काय करू?

रानवाट :

माश्यांचे डबे आणि पिसं झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर आत दव धरून गळ गंजतील. नंतर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. चिठ्ठ्या फोटो काढून वेगळ्या पाकिटात, त्या फ्रीजरमध्ये नकोत. हाताळताना हातमोजे घाला, जुन्या कातडीसकट पिसांना पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावायची पद्धत होती.

राखाडी रानकोंबड्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वी परदेशांतल्या माश्या बांधणाऱ्यांकडून या मानेच्या पिसांना प्रचंड मागणी असे. त्यामुळे ती विकू नका, कोणाला देऊ नका, टपालाने पाठवू नका. मोराच्या पिसांनाही निर्यातबंदी आहे. वन विभागाकडे लेखी कळवून, सोबत वहीतल्या तारखा जोडून, काय करायचं ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

जागेबद्दल. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १९६८ पासून फक्त फ्लाय फिशिंगचं संग्रहालय आहे, तसं आपल्याकडे नाही. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि वह्या मराठीत आहेत म्हणून दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही आहे. तिघांनाही यादी आणि दहा पानांचे फोटो पाठवून विचारा. कोणालाही देताना देणगीपत्रात 'संग्रह फोडायचा नाही' हे लिहून घ्या. वही एकीकडे आणि माशी दुसरीकडे गेली तर दोन्ही मुकी होतात.

पुतणी_गिरगाव :

हे शेवटचं वाक्य चुलतभावाला वाचून दाखवलं. त्याने चरख्यांचा व्यवहार दिवाळीपर्यंत थांबवला आहे. तेवढ्यात तिन्ही ठिकाणी पत्रं लिहायची आहेत.

अजून एक मदत हवी. मुलुंड-ठाणे भागात कोणाकडे पुस्तक न दाबता स्कॅन करता येईल असा वरून फोटो घेणारा स्टँड आहे का? पंधरा दिवसांसाठी हवाय. पाच वह्या मिळून अंदाजे नऊशे पानं आहेत, फोन हातात धरून शंभर झाली आणि अक्षरं हलायला लागली.