मदत हवी आहे: एक्झॉस्टमधून ज्वाळा काढणारी गाडी पूर्ववत कशी करायची?

धाकट्या भावाने सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, रिमॅप केलाय (त्याचं सॉफ्टवेअर बदललंय). अ‍ॅक्सिलरेटर सोडला की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं, धडाधड आवाज होतो आणि ज्वाळा बाहेर येते. बंपरचं प्लॅस्टिक वितळायला लागलंय, आणि पार्किंगमध्ये सोसायटीची लहान मुलं खेळत असतात. मला खरंच भीती वाटते.

स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसून पाहिले, चेक इंजिनचा दिवा परत लागतो. ईसीयूच्या मूळ मॅपची (कंपनीच्या सॉफ्टवेअरची) फाइल आमच्याकडे नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत आहे, तेव्हा ‘राहू दे तसंच’ असं कृपया सांगू नका.

कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून नवा कन्व्हर्टर बसवला की पुरे, की आधी टर्बो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यायला हवेत?