मँडरीन पिवळा ड्युओफोल्ड: घ्यावा का?

प्रश्न (कोल्हापूर): जुना पार्कर ड्युओफोल्ड फाउंटन पेन मिळतोय, मँडरीन पिवळा. लालपेक्षा बराच महाग सांगतायत. रंगासाठी एवढे मोजावेत का? काय तपासू?

उत्तर: हा रंग आला १९२७ मध्ये. तेव्हा फारसा खपला नाही, त्यात ते प्लास्टिक ठिसूळ. अखंड पेनं थोडीच उरली, म्हणून भाव. टोपणाची कड दहापट भिंगाखाली हळूहळू फिरवून बघा. केसाएवढी उभी चीर दिसली तर सोडून द्या, आटे घट्ट आवळले की ती वाढतेच.

दुसरं उत्तर: टोपण आणि बॅरल (पेनाचा दांडा) उजेडात शेजारी धरा. टोपण लख्ख आणि बॅरल काळपट असेल तर ते रबरी सॅकमुळे, म्हणजे आतल्या शाईच्या पिशवीमुळे. त्यातून निघणारा गंधकाचा वायू सेल्युलॉइडच्या, म्हणजे पेनाच्या प्लास्टिकच्या आत मुरतो, पॉलिशने जात नाही. जेड हिरव्यात तर फारच दिसतं, जीव हळहळतो. नवी सॅक सिलिकॉनचीच बसवा.

प्रश्नकर्ता: आभार! आपल्याकडच्या पावसाळ्यात ठेवायचं कसं?

उत्तर: सुती कापडात, हवा खेळेल असं, उन्हापासून लांब. हवाबंद डबी नको. एबोनाइटची (कडक रबराची) पेनं वेगळी ठेवा, त्यातही गंधक असतं. आणि ती पाण्यात भिजवू नका, तपकिरी पडतात.