शब्दचर्चा : क्वेकरांचा ‘इनर लाइट’ मराठीत कसा आणावा?

प्रश्न

क्वेकर या सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करते आहे. प्रत्येक माणसाच्या आत पोचणाऱ्या देवाच्या प्रकाशाला ते ‘इनर लाइट’ म्हणतात. ‘इनर लाइट’साठी सदसद्विवेकबुद्धी, आत्मज्योती आणि अंतःप्रकाश असे तीन पर्याय समोर आहेत. मूळ अर्थाच्या जवळचा कोणता? शिवाय ही मंडळी आजारी माणसाला ‘होल्ड इन द लाइट’ करतात, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १

सदसद्विवेकबुद्धी आधी बाजूला ठेवा. तो अर्थ क्वेकरांनी स्वतःच नाकारला आहे. रॉबर्ट बार्कले या त्यांच्या स्कॉटिश विद्वानाने १६७६ मध्ये लॅटिनमध्ये पंथाच्या तत्त्वांची सविस्तर मांडणी केली. त्यात तो म्हणतो की विवेकबुद्धी हा कंदील आणि ख्रिस्ताचा प्रकाश ही त्यातली मेणबत्ती. मेणबत्ती पेटलेली असेल तरच कंदिलाचा उपयोग. विवेकबुद्धी घरातल्या आणि समाजातल्या संस्कारांनी घडते, म्हणून ती चुकीच्या गोष्टीलाही बरोबर म्हणू शकते. प्रकाश मात्र माणसाने घडवलेला नाही, असे त्याचे म्हणणे.

आत्मज्योतीची अडचण वेगळी आहे. हा शब्द वाचला की आपल्या मनात आत्म्याचे स्वतःचे तेज उभे राहते. ते मुळातच आपले असते, फक्त झाकलेले असते. सतराव्या शतकातल्या क्वेकरांना हे पटले नसते. त्यांच्या लेखी माणूस अंधारात आहे आणि प्रकाश देवाकडून येतो. त्यांचा आधार योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला : जगातल्या प्रत्येक माणसाला उजळणारा खरा प्रकाश. मराठी बायबलमध्येही तिथे ‘प्रकाश’ हाच शब्द आहे. ‘प्रत्येक’ या शब्दावर त्यांचा सगळा भर होता. दैवी कृपा मोजक्या निवडलेल्यांसाठीच आहे असे मानणाऱ्या त्या काळात हे म्हणणे धाडसाचे होते.

आणखी एक बारकावा. सुरुवातीच्या लिखाणात ‘इनर लाइट’ फारसा आढळत नाही. तिथे ‘लाइट ऑफ क्राइस्ट’, ‘लाइट विदिन’, ‘इनवर्ड लाइट’ असे प्रयोग आहेत. ‘इनर लाइट’ रूढ झाला तो बराच नंतर, विसाव्या शतकाच्या आसपास. अमेरिकन क्वेकर विचारवंत रूफस जोन्स यांच्या लेखनाचा त्यात मोठा वाटा आहे. ‘इनवर्ड’मध्ये आत शिरून काम करणारा असा भाव आहे, ‘इनर’मध्ये आत असलेला. म्हणजे आपल्याकडचा ‘आत पडणारा प्रकाश’ आणि ‘आतला प्रकाश’ यांतला फरक. लेख सतराव्या शतकाबद्दल असेल तर हा फरक सांभाळायलाच हवा.

हा प्रकाश करतो काय, हे एका प्रसंगातून नीट कळते. पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स १६५२ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील अल्व्हर्स्टन गावच्या चर्चमध्ये बोलायला उभा राहिला. ख्रिस्त असे म्हणतो, प्रेषित तसे म्हणतात, हे तुम्ही सांगाल; पण तुम्हाला स्वतःला काय सांगता येते, असा त्याचा सवाल होता. ते ऐकून मार्गारेट फेल ही प्रतिष्ठित घरातली बाई बाकावर बसून रडू लागली. आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द उचलले पण आत त्यांचा अनुभव काहीच नाही, असे तिला वाटले. प्रकाश पहिल्यांदा दिलासा देत नाही, आधी आतली खोट दाखवतो. उरतो ‘अंतःप्रकाश’. तोच घ्यावा, पण या शब्दाला शांत, सुखद समाधीचा वास येतो. म्हणून पहिल्या उल्लेखाजवळ हे एका वाक्यात सांगावे. नुसता शब्द हा अर्थ पेलणार नाही.

प्रतिसाद २

मग ‘विवेकदीप’ का नको? ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात अविवेकाची काजळी फेडून विवेकदीप उजळणारा स्वतः भगवंत आहे, म्हणजे उजेड त्याच्याकडूनच येतो. आणि गांधीजींचा ‘आतला आवाज’ही याच जातीचा वाटतो.

प्रतिसाद १ कडून

ओवी फार सुंदर आठवलीत, आणि कर्ता देव आहे हे साम्य खरे आहे. तरीही तो शब्द मी भाषांतरात वापरणार नाही. एक तर ‘विवेक’ आला की वाचक पुन्हा बुद्धीकडे वळतो. दुसरे, त्या ओवीत विवेकदीप उजळल्यावर जी दिवाळी होते ती योग्यांची आहे. क्वेकरांकडे साधकांचा वेगळा वर्ग नाही, पगारी पुरोहितही नव्हता. उपासनेच्या सभेत मौनात बसलेल्यांपैकी कुणीही, बाईसुद्धा, उठून बोलू शकत होती. याच मार्गारेट फेलने १६६६ मध्ये स्त्रियांच्या बोलण्याच्या अधिकारावर पुस्तिका लिहिली.

गांधीजींचे नाव इथे निघणे स्वाभाविक आहे. मे १९३३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचे उपोषण सुरू करताना त्यांनी आतल्या आवाजाचाच हवाला दिला होता. त्यांच्या निकटच्या माणसांत हॉरेस अलेक्झांडर यांच्यासारखे क्वेकर होते. पुढे मार्जोरी साइक्स या क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला नई तालीमच्या कामात होत्या. पण आवाज एकट्याला ऐकू येतो. क्वेकर प्रेरणेची पारख सभेत करतात, आणि हे ते ठेच लागून शिकले. १६५६ मध्ये जेम्स नेलर हा क्वेकर प्रचारक ख्रिस्ताच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण देत ब्रिस्टलमध्ये घोड्यावरून शिरला. पार्लमेंटने त्याला ईशनिंदेसाठी दोषी ठरवले, त्याच्या जिभेला भोक पाडले, कपाळावर डाग दिला. त्यानंतर एकट्याच्या प्रेरणेवर सभेचा अंकुश आला. निर्णय आजही मतदानाने होत नाहीत. सगळ्यांना एक दिशा दिसेपर्यंत थांबतात.

हे थांबणे दुखवणारेही असते. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध झाला १६८८ मध्ये. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना पंथाबाहेर काढायचे ठरवले ते १७७६ मध्ये. मधली ८८ वर्षे प्रकाश सगळ्यांसाठी आहे असे म्हणणारी माणसेच गुलाम बाळगत होती. जॉन वूलमनसारखा क्वेकर घरोघर जाऊन त्यांच्याशी सौम्यपणे पण न हटता बोलत राहिला, तेव्हा कुठे हे घडले. ‘अंतःप्रकाश’ लिहिताना ही बाजू वगळली तर शब्द पोकळ राहील.

आता ‘होल्ड इन द लाइट’. ‘प्रकाशात आणणे’ चालणार नाही, मराठीत त्याचा अर्थ उघडकीस आणणे. ‘उजेड’ही टाळा, कारण ‘काय उजेड पाडलास’ हा टोमणा त्याला चिकटलेला आहे. मी ‘प्रकाशात धरणे’ म्हणेन. यात देवाकडे काही मागणे नसते. त्या माणसाला मनात धरून गप्प बसायचे असते. म्हणून ‘त्याच्यासाठी प्रार्थना केली’ इथेही पुरत नाही. उदाहरणार्थ : ‘शस्त्रक्रियेच्या दिवशी सभेतले सगळे तिला प्रकाशात धरून बसले होते.’