मदत हवी आहे: जपानी गाण्याचे शब्द चालीत बसत नाहीयेत (शनिवारच्या आत!)

कैरीचं_लोणचं (मंगळवार, रात्री ११:४०)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

शनिवारी आमच्या जपानीच्या वर्गाचा कार्यक्रम आहे, त्यात कॅराओके. मी एक गाणं म्हणणार आहे. शब्द देवनागरीत लिहून घेतलेत आणि पंधरा दिवस तेच घोकतेय, घरच्यांना पाठ झालंय. पण दुसऱ्या कडव्यात एका जागी शब्द चालीत मावतच नाही. आणि त्याच्या पुढच्या ओळीत उलट, शब्द संपतो आणि चाल उरते. मूळ गायिका मात्र आरामात म्हणते. वेग कमी करून ऐकलं, तरी तेच. शब्द चुकलेत का? की तिने रेकॉर्डिंगच्या वेळी बदलले? कोणी सांगेल का? जरा लवकर प्लीज.

रात्रपाळी

कोणतं गाणं? कोणता शब्द? शब्द उतरवले कुठून? तुम्हाला हिरागाना (जपानी लिपी) येतं का? "एका जागी" म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "कुठेतरी दुखतंय" म्हणण्यासारखं झालं.

तळेगावचा_काका

गाणी ऐकून भाषा येत नाही, हे आधी लक्षात घ्या. मी रिटायर झाल्यावर जपानी सुरू केलं. मिन्ना नो निहोंगो हे पाठ्यपुस्तक घ्या, रोज एक पान. जेएलपीटी, म्हणजे जपानीची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबर. पुण्यात केंद्र आहे. एन५, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात करा, थेट एन४ ला बसू नका. फॉर्म वेळेत भरा, शेवटच्या दिवशी साइट गडगडते.

कैरीचं_लोणचं

काका, एन५ झालंय माझं. प्रश्न गाण्याचा आहे.

@रात्रपाळी, गाण्याचं नाव नाही सांगत. वर्गातले दोघंतिघं इथे वाचतात, उगाच आधी कळायला नको. हल्लीचं आहे, वेगवान आहे, एवढं पुरे. शब्द नेटवर रोमन लिपीत मिळाले, ते मी देवनागरीत केले. न मावणारा शब्द आहे "जिकान". वेळ या अर्थाचा.

निळी_छत्री

अगं, मग ती तिथे "तोकी" म्हणत असेल. ऐकून बघ आणि सांग.

कैरीचं_लोणचं

थांबा.

अय्या, हो!! "तोकी"च म्हणतेय! पण मी जपानी साइटवर कांजी (चिनी अक्षरं) बघितली होती, ती जिकानचीच आहे. वर्गात शिकवलेली, अगदी तीच.

निळी_छत्री

कांजी बरोबर आहे, गायिकाही बरोबर आहे. तिकडच्या गीतकारांची ही जुनी खोड. लिहायचं एक, गायचं दुसरं. छापील शब्द "जिकान", म्हणायचं "तोकी". दोन्हींचा अर्थ वेळच, पण जिकान चिनी वळणाचा आणि तोकी अस्सल देशी. आपल्याकडे "नेत्र" छापून "डोळा" गायल्यासारखं. असे ठरलेले बरेच आहेत. "उचू" म्हणजे अंतराळ, गातात "सोरा", म्हणजे आकाश. "रियू" लिहून "वाके" म्हणतात, दोन्ही म्हणजे कारण. जुन्या धाटणीच्या एन्का गाण्यांत "ओन्ना" (बाई) लिहून "हितो" (माणूस) म्हणतात. डोळ्याला एक अर्थ मिळतो, कानाला दुसरा, आणि ऐकणारा दोन्ही घेऊन बसतो. सीडीच्या पुस्तिकेत त्या कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात खरा उच्चार छापलेला असतो.

तुझी गडबड झाली ती रोमन लिपीमुळे. त्या साइटवर बहुतेक मशीनने रूपांतर केलंय. मशीनला कांजी दिसली, त्याने कोशातला उच्चार टाकला. जिकानमध्ये जि-का-न् असे तीन ठोके, तोकीमध्ये दोन. मावणार कसं?

सदू_पेठेतला

म्हणजे चुकीचं छापतात आणि वर त्याला कला म्हणतात. आमच्या लेखी याला मुद्रणदोष म्हणतात.

निळी_छत्री

सदूकाका, दिवे घ्या, पण मुद्रणदोष कोणी मुद्दाम वर बारीक अक्षरात खुलासा देऊन छापत नाही.

रात्रपाळी

पहिला प्रश्न सुटला. दुसरा? चाल उरते तो शब्द कोणता? (दर वेळी मागायला लावू नका हो.)

कैरीचं_लोणचं

सॉरी सॉरी. "कोन्या". आज रात्री या अर्थाचा. मी को-न्या म्हणते आणि गायिका अजून तिथेच असते.

झिपरी

कोन्या हे कोणाचं तरी लाडाचं नाव वाटतंय. "ए कोन्या, जेवायला ये."

रात्रपाळी

सापडलं. तुमचा गुन्हेगार जोडाक्षर आहे. तो शब्द को-न्-या असा आहे, तीन ठोके. मधला न् कोणाला जोडलेला नाही, त्याला स्वतःची मात्रा आहे. रोमनमध्ये नीट लिहिणारे तिथे एन नंतर वरती स्वल्पविरामासारखी खूण करतात, ती तुमच्या साइटने गाळली असणार. मग तुम्ही एन-वाय-ए बघून "न्या" जोडलंत. जपानीत "न्या" वेगळा आहे, मांजर ओरडतं तो.

म्हणून म्हणतो, देवनागरी सोडा. हिरागाना आठ दिवसांत येतं.

कैरीचं_लोणचं

हिरागाना येतं हो मला! पण गाताना वेगात वाचता येत नाही. देवनागरी डोळ्याला बसलेली आहे.

मात्रावृत्त

देवनागरीला उगाच दोष देऊ नका. दोष शाळा विसरण्याचा आहे. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, गुरूच्या दोन मात्रा. आठवतंय? आता जपानी वर्तमानपत्र घ्या, "शिंबुन". शिं गुरू, दोन. "बुन" मधला न पाय मोडका म्हणून बुन् गुरू, दोन. झाले चार. जपानी माणूसही शि-न्-बु-न् असे चारच मोजतो. "कित्ते" (टपालाचं तिकीट) मध्ये त्त च्या आधीचा कि गुरू. जपानी लोकही त्या अडलेल्या त् ला पूर्ण ठोका देतात. ज्याला वृत्त येतं त्याला जपानी गाणं मोजता येतं.

निळी_छत्री

सुंदर! हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. पण एक खोच आहे. मराठीत ए आणि ओ कायम गुरू. जपानीत साधे ए-ओ र्‍हस्व असतात. शिवाय आपण शब्दाच्या शेवटचा इकार-उकार नियमाने दीर्घ लिहितो. म्हणजे "तोकी" तुमच्या हिशेबाने चार मात्रा, प्रत्यक्षात दोन. कित्तेचा शेवटचा ते तसाच, त्यामुळे तुमचे चार, त्यांचे तीन.

मात्रावृत्त

मान्य. नियम अपवादासह वापरावा.

रात्रपाळी

म्हणजे देवनागरी सोडावी.

मात्रावृत्त

म्हणजे डोकं वापरावं.

हायकूप्रेमी

मात्रांचा विषय निघालाच आहे तर सांगते, हायकूचे ५-७-५ हेसुद्धा हेच ठोके आहेत, अक्षरं नव्हेत. "तोक्यो" आपण दोन अक्षरांत उरकतो, जपानीत तो-ओ-क्यो-ओ असे चार. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, पण आपल्याकडे अजून कित्येक जण नुसती अक्षरं मोजत बसतात. यावर वेगळा धागा काढू का?

झिपरी

काढा काढा, इथे बिचारीचा शनिवार आहे.

ओढ_उगवतीची

मला विचाराल तर सुरुवातीला हल्लीची गाणी घेऊच नयेत. वेगात शब्द कोंबलेले असतात. क्यू साकामोतो यांचं १९६१ चं "उए ओ मुइते आरुको" घ्या. संथ, एका सुराला जवळजवळ एक ठोका, आणि अर्थ नावातच, "तोंड वर करून चालू या". डोळ्यातलं पाणी सांडू नये म्हणून. १९६३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं होतं. तिकडे त्याला "सुकियाकी" नाव दिलं, जो गोमांसाचा एक पदार्थ आहे आणि गाण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही.

आणि बघा, "मुइते" म्हणजे "वळवून". मराठी माणसाला हे ते-रूप ("-ते"ने संपणारं क्रियापद) फुकट मिळालेलं आहे, आपलं "-ऊन". ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे. कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे. वासुरेते शिमाउ म्हणजे विसरून जाणे. बघणे, ठेवणे ही क्रियापदंसुद्धा तीच! इंग्रजीतून शिकणारे यावर महिना घालवतात.

पल्लवी_व्होकॅलॉइड

हे "जुनी गाणी घ्या" कधी संपणार? मी हात्सुने मिकू ऐकून जपानीकडे वळले. २००७ मध्ये साप्पोरोच्या कंपनीने काढलेला संगणकावरचा गाणारा आवाज आहे तो, माणूसच नाही, त्यामुळे श्वास घ्यायला थांबत नाही. त्यावर गाणी करणारी पोरंच पुढे मोठी झाली. योआसोबी या जोडीतला आयासे त्यातलाच. तिथे एकेक ठोका सुटा ऐकू येतो. वेगाची भीती दोन आठवड्यांत जाते.

ओढ_उगवतीची

मशीनकडून उच्चार शिकायचे?

पल्लवी_व्होकॅलॉइड

साकामोतोसुद्धा तुम्ही मशीनवरच ऐकता ना?

बाणेरचा_पाहुणा

वाचतोय म्हणून एक धोक्याची सूचना. गाण्यातलं जपानी ऑफिसात वापरू नका. मी गाण्यांवर शिकलेला. गाण्यात सगळीकडे "किमी", म्हणजे तू. गोड वाटायचं. एकदा क्लायंटच्या कॉलवर त्यांच्या बुचोंना, म्हणजे विभागप्रमुखांना, मी हौसेने विचारलं, "किमी वा..." पलीकडे शांतता. मग कोणीतरी खोकलं. आमच्या मॅनेजरला वाटलं नेट गेलं, ती "हॅलो, हॅलो" करत बसली. कॉल संपल्यावर आमच्या दुभाष्या ताईंनी समजावलं, किमी वरचा माणूस खालच्याला म्हणतो, नाहीतर गाण्यातला प्रियकर म्हणतो. साहेबांना नाव किंवा हुद्दाच घ्यायचा. त्या बुचोंनी पुढच्या भेटीत मला चहाचं पाकीट दिलं, त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

निळी_छत्री

"बोकु"चंही तसंच. मुलग्याचा "मी". गाण्यात मुलीही सर्रास बोकु म्हणतात. पण मी एकदा तो पाठ झालेला शब्द ओसाकातल्या भाजीवालीकडे वापरला तर ती इतकी हसली की एक काकडी जास्त टाकली.

तळेगावचा_काका

म्हणूनच म्हणालो, मिन्ना नो निहोंगो.

सदू_पेठेतला

जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते काका. एन१ पास झालेला माणूससुद्धा भाजीवालीपुढे गप्प बसू शकतो.

रात्रपाळी

@कैरीचं_लोणचं, मूळ मुद्दा. पूर्ण गाणं आज पुन्हा लिहा. गणिताची चौकटींची वही घ्या. एका चौकटीत एक ठोका. न् ला स्वतंत्र चौकट. लांब स्वराला दोन. अडलेल्या त्, क्, प् ला एक रिकामी चौकट, तिथे आवाज दाबून थांबायचं. मग गाणं लावून बोट फिरवा. कुठे बोट मागे पडलं ते लगेच कळेल.

पल्लवी_व्होकॅलॉइड

थोडं अवांतर: हल्लीच्या गाण्यात कधीकधी न् आधीच्या अक्षराच्या सुरातच आटपतात. तिथे चौकट आणि कान यांचं भांडण झालं तर कानाचं ऐक. आणि "देसु" ("आहे") बोलताना देस होतं, पण गाताना त्या सु ला सूर दिलेला असेल तर पूर्ण म्हण.

मात्रावृत्त

जपानी "त्सु" या अक्षरासाठी जिभेचे व्यायाम करू नका. "चूल" मधला च. तोच. हिंदीवाल्यांना तो नाही, आपल्याला आहे.

कैरीचं_लोणचं (गुरुवार, रात्री १२:१५)

सगळ्यांचे आभार, खरंच. भाच्याची चौकटींची वही ढापली. कोन्या सुटलं, तीन चौकटी, मधल्या न् वर नाकात थांबायचं. बोट बरोबर चालतंय. "तोकी" सारखा अजून एक सापडला, माझ्याकडे "उचू" होतं आणि ती "सोरा" म्हणतेय. कालपर्यंत तिथे मी दोन शब्द गिळून पुढे पळत होते आणि सेन्सेई (आमच्या बाई) "छान, छान" म्हणत होत्या.

@मात्रावृत्त, चूल एकदम जमली.

मागचा_बाक

इतके दिवस नुसता वाचत होतो. जिकान-तोकी, उचू-सोरा, कोन्या, तेही त्याच क्रमाने. ताई, गाणं ओळखलं. मीही शनिवारी तेच म्हणतोय. मीही जिकानच म्हणत होतो, त्याच साइटवरून. फार उपकार झाले.

झिपरी

पॉपकॉर्न आणा रे कोणीतरी.

कैरीचं_लोणचं

तू तिसऱ्या बाकावरचा ना? उद्या सकाळी सेन्सेईंना फोन करून माझं नाव तुझ्या आधी लावून घेतेय.