जुन्या बुलेटचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर अ‍ॅव्हरेज वाढतंय काय?

खानापूरकर_३५०:
बाबांची जुनी कास्ट आयर्नची बुलेट ३५० हाय, कॉम्प्रेशन रेशो (पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातंय ते) ५.५ आणि आताच्या क्लासिक ३५० चा बघितला तर ९.५. अ‍ॅव्हरेज ३० च्या आसपास. लेथवाला म्हणतोय हेड एक एमएम घासून देतो, अ‍ॅव्हरेज वाढतंय. पण हवा जास्त दाबायला पण इंजिनाचीच ताकद जाती की ओ, मग फायदा कुठनं येतोय?

उद्यमबाग_लेथ:
दाबायला गेलेली ताकद बरीचशी परत मिळते, तीच हवा पिस्टनला खाली ढकलते ना. खरा फायदा खाली जातानाच हाय. जेवढ्या लहान जागेत पेट्रोल पेटलं तेवढा तो गॅस जास्त पट पसरतो, पसरताना थंड होतो, म्हणजे जी उष्णता सायलेन्सरमधनं वाया जायची ती पिस्टनला मिळाली. पुस्तकी हिशोबानं ५.५ ला ४९ टक्के, ९.५ ला ५९, आणि १२ ला ६३ टक्के कार्यक्षमता येते. वर जाल तसा फायदा कमी होत जातोय बघा. प्रत्यक्ष इंजिनात ह्याच्या निम्म्याच्या जवळपास धरा, कारण बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीतनं जाते आणि घर्षण हायच.

आता तुमच्या गाडीचं. बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० एमएम, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० एमएम, म्हणजे ३४६ सीसी, पिस्टन वर गेल्यावर उरलेली जागा ७७ सीसी. एक एमएम घासलं की फक्त ४ सीसीच्या आत कमी होते, रेशो ५.५ चा ५.७ झाला. फरक दीड-पावणेदोन टक्के, ३० चे साडेतीस. रेशो साडेसहा पाहिजे तर साडेतीन एमएमच्या वर घासायला लागतंय, तेवढं मटेरियल कुठं हाय हेडला? शिवाय पुशरॉडचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सेटिंग बदलतं ते वेगळंच. मी स्वतः हेच काम करतो तरी सांगतो, नका घासू.

चोर्लाघाट_रायडर:
आणि नॉकिंगचं पण बघा भावा. दाब वाढला की पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त तापतं आणि ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं आपोआप पेटतं, मग टकटक आवाज. कास्ट आयर्नचं सिलिंडर उष्णता लवकर सोडत नाही, त्यात घाटात मागं माणूस बसवून टॉप गिअरात फुल थ्रॉटल दिला की पिस्टनचं काय खरं नाही. नव्या गाड्यांना ९.५ चालतंय कारण अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर, चांगला चेंबर (मिश्रण पेटायची जागा) आणि फ्युएल इंजेक्शन.

खानापूरकर_३५०:
हिशोब पटला ओ. पण मग आमच्या ट्रॅक्टरला डिझेलमध्ये १७-१८ कसं चालतंय?

निपाणी_डिझेल:
डिझेलात नुसती हवाच दाबतात की, पेटायला आत काहीच नसतंय. डिझेल शेवटी फवारतात आणि त्या तापलेल्या हवेनंच पेटतं, उलट दाब कमी पडला तर थंडीत स्टार्टच होत नाही. त्याला थ्रॉटल (आत येणारी हवा अडवणारी झडप) पण नसतंय, म्हणून हवा ओढायला कमी ताकद जाते. आणि लिटरमागं डिझेलात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्तच असते, तेव्हा सगळं श्रेय रेशोला देऊ नका. बुलेटचं आधी कार्ब्युरेटर, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि चेन बघून घ्या, अर्धा किलोमीटर तिथंच निघतोय.